निळ्या ताडपत्रीनंतर

१० ऑगस्ट २०२०, सोमवार. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं सीडर रॅपिड्स हे शहर दुपारच्या जेवणाच्या तयारीत असताना पश्चिमेचं आभाळ काळवंडलं आणि पुढचा पाऊण-एक तास वारा थांबलाच नाही. चक्रीवादळ म्हणावं तर समुद्र हजार किलोमीटरहून लांब, आणि टोर्नेडोसारखी सोंडही कुठे दिसत नव्हती. सरळ रेषेत धावणाऱ्या वादळी ढगांची ती एक अखंड फळी होती. सकाळी साउथ डाकोटा-नेब्रास्काच्या सीमेवर ती उभी राहिली आणि चौदा तासांत सुमारे साडेबाराशे किलोमीटर धावून ओहायोत विरली. हवामानशास्त्रात अशा वादळाला ‘डेरेचो’ म्हणतात. सीडर रॅपिड्समध्ये मोडलेल्या इमारतींवरून वाऱ्याचा जो वेग नंतर काढला गेला, तो ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात होता.

याच्या सव्वादोन महिने आधी, ३ जूनला, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळलं होतं. त्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, म्हणजे आयोवाच्या निम्मा. तेवढ्यानं श्रीवर्धन-मुरूड-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना आयोवाचा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. फरक होता तो इशाऱ्यात. ‘निसर्ग’ येणार हे हवामान खात्यानं दोन-तीन दिवस आधीपासून सांगितलं होतं, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. आयोवात त्या सकाळच्या अंदाजात एवढ्या वाऱ्याची कल्पनाच नव्हती. इशारा हातात पडला तेव्हा वेळ मिनिटांत मोजायची राहिली होती.

तरीही सगळ्या वाटेवर मिळून चारच माणसं दगावली, तीन आयोवात आणि एक इंडियानात. तिथल्या बहुतेक घरांना तळघर असतं, त्याचा हा गुण. मालमत्तेचा हिशेब मात्र अकरा अब्ज डॉलरपर्यंत गेला. अमेरिकेत एका गडगडाटी वादळानं केलेलं आजवरचं हे सगळ्यात महागडं नुकसान. लाखो एकर मका झोपला. धान्याची पत्र्याची उंच कोठारं आतून हवा काढून घेतल्यासारखी चेपली गेली.

सीडर रॅपिड्स आपल्याला फारसं ठाऊक असायचं कारण नाही. क्वेकर ओट्सचा अवाढव्य कारखाना इथे आहे आणि वारा असेल त्या दिशेला ओट्स भाजल्याचा वास गावभर जातो. त्रिशूळ-काट्यासारखं अवजार धरलेला शेतकरी आणि त्याच्या शेजारची कठोर चेहऱ्याची बाई, हे ‘अमेरिकन गॉथिक’ चित्र ग्रँट वुडनं १९३० मध्ये याच गावात रंगवलं. चेक आणि स्लोव्हाक स्थलांतरितांची इथे मोठी वस्ती. १९३४ साली बांधलेली ‘मदर मॉस्क’ इथेच आहे. मशीद म्हणून बांधलेली आणि आजही उभी असलेली ती अमेरिकेतली सर्वांत जुनी इमारत. २००८ च्या जूनमध्ये सीडर नदीला महापूर आला, तेव्हा या मशिदीच्या तळघरातले जुने कागद भिजून गेले. म्हणजे संकटाची गावाला ओळख होती. बारा वर्षांपूर्वीच्या चिखलात कुणी काय केलं, कुणाच्या हाताला कसली कामं येतात, हे गावाला माहीत होतं. माझ्या मते पुढे जे घडलं त्याची अर्धी गुरुकिल्ली इथे आहे.

वारा ओसरल्यावर माणसं तळघरांतून वर आली, तेव्हा गल्ल्या ओळखू येईनात. ओक, मेपल, अक्रोडाची शंभर-शंभर वर्षांची झाडं घरांवर, गाड्यांवर, तारांवर पडली होती. शहराच्या झाडांच्या एकूण सावलीपैकी निम्म्याहून जास्त एका दुपारी गेली. आसपासच्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यात वीज नव्हती. काही घरांत ती दोन आठवड्यांनी परतली. मोबाइलचे मनोरेही बंद. घरात इंटरनेट नसलेल्या माणसाला अमेरिकेत आपण किती एकटे आहोत हे अशा वेळी कळतं. शिवाय दुसऱ्याच दिवशी कमला हॅरिस यांची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाली आणि देशाच्या वाहिन्या तिकडे वळल्या. आपलं गाव पडलंय आणि देशाला पत्ताच नाही, ही आयोवाकरांची तक्रार अजूनही ऐकू येते. ती खोटी नव्हती.

पहिले तीन-चार दिवस सेवा वगैरे शब्द कुणाच्या डोक्यात नव्हते. ज्याच्याकडे चेनसॉ तो राजा. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं दार मोकळं करायचं, फांद्या ओढत रस्त्याच्या कडेला टाकायच्या. फ्रीजमधलं मांस नासायच्या आत अंगणात शेगडी पेटवून गल्लीला वाढायचं. आठवड्याभरात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना फांद्यांच्या पुरुषभर उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या. या टप्प्यात चर्चचं वेगळं काम शोधू नये. जो माणूस रविवारी बाकावर बसतो तोच इथे करवत चालवत होता आणि जो कधीच चर्चला जात नाही तोही.

शिवाय तो काळ कोविडचा. बरीचशी चर्च रविवारच्या उपासनेसाठी बंद, किंवा पडद्यावर सुरू. बंद चर्चकडे मात्र उरतात त्या नेमक्या वादळानंतर लागणाऱ्या गोष्टी: मोठं स्वयंपाकघर, त्याहून मोठं गाड्यांचं पटांगण, शंभर माणसांच्या जेवणाची भांडी, आणि सभासदांची यादी. ही यादी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोण एकटं राहतं, कुणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि म्हणून वीज गेल्यावर कुणाकडे आधी जायचं, हे सरकारी कागदात नसतं. आठवड्याला एकदा एका छताखाली जमणाऱ्या माणसांना ते आपसूक ठाऊक असतं. ईश्वरावर श्रद्धा असो-नसो, आठवड्याची हजेरी ही जबरदस्त व्यवस्था आहे.

त्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरून, परगावाहून गट येतात, तेव्हा खरी गंमत सुरू होते. अमेरिकेत आपत्तीनंतर धावून येणाऱ्या ख्रिस्ती संस्थांमध्ये कामाची वाटणी झालेली आहे. ती कुणी एका दिवशी बसून ठरवली नाही. अनेक वादळांतून ती मुरत गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मांडवाची कामं वाटून घेतलेल्या गावजत्रेची आठवण व्हावी इतकी ती पक्की आहे.

सदर्न बाप्टिस्ट स्वयंपाक करतात. १९६७ मध्ये ‘ब्यूला’ हे चक्रीवादळ टेक्सासवर आलं, तेव्हा डब्यांत मेण आणि पुठ्ठा घालून केलेल्या छोट्या चुलींवर त्यांच्यापैकी काहींनी गरम अन्न शिजवलं. आज ट्रकवरची त्यांची स्वयंपाकघरं दिवसाला हजारो ताटं काढतात. शिजलेलं अन्न गल्लोगल्ली पोचवायला रेडक्रॉसच्या किंवा साल्व्हेशन आर्मीच्या गाड्या. आपल्याकडे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात ज्यांना ‘मुक्तिफौज’ म्हणून ओळखतात, तीच ही मंडळी. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट गोदाम सांभाळतात. वादळानंतर देशभरातून येणारे जुने कपडे, डबाबंद वाटाणे, डायपर, नको असलेली खेळणी यांचा डोंगर होतो, आणि तो निवडणं, मोजणं, ज्याला हवं त्याला देणं हे अत्यंत कंटाळवाणं काम त्यांनी आपलं मानलंय. चर्च ऑफ द ब्रेदरनचे प्रशिक्षित स्वयंसेवक १९८० पासून फक्त मुलं सांभाळतात. आईबाप मदतीच्या रांगेत उभे असताना कोपऱ्यात एक सतरंजी आणि पेटीभर खेळणी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, जी मुंबई-वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांतही घराघरांत माहीत आहे, खाटा-कपाटं-गाद्या मिळवून देते. मेथडिस्टांच्या वाट्याला फाइल आली: एकेका कुटुंबाचा कागद हातात धरून विमा, सरकारी मदत, देणग्या या सगळ्यांतून त्याला घरापर्यंत नेणारा कार्यकर्ता तयार करणं. आणि घर प्रत्यक्ष उभारायला मेनोनाइट.

१९६९ मध्ये ‘कमिल’ हे भयंकर चक्रीवादळ मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा या सगळ्यांनी एकमेकांच्या पायांत पाय घातले होते. एका गावात तीन स्वयंपाकघरं, शेजारच्या गावात एकही नाही. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी स्वयंसेवी संस्थांचं राष्ट्रीय व्यासपीठ निघालं. धर्मशास्त्रावर ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा पंथांना डाळ-तांदळाच्या प्रश्नावर एका टेबलाशी बसवायला एक चक्रीवादळ लागलं, हे मला मजेशीर वाटतं.

मेनोनाइटांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सोळाव्या शतकातल्या युरोपात निघालेला हा शांततावादी पंथ. शस्त्र हाती घ्यायचं नाही, हा त्यांचा पाया. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या अनेक तरुणांनी लढायला नकार दिला आणि त्याऐवजी सरकारनं ठरवलेल्या नागरी छावण्यांत जंगल राखणं, मनोरुग्णालयांत शुश्रूषा अशी कामं केली. युद्ध संपलं. शेजारची मुलं पदकं घेऊन परतली आणि यांच्याकडे गावानं वाकड्या नजरेनं पाहिलं. १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावात संडे स्कूलच्या एका सहलीत अशाच तरुण जोडप्यांची चर्चा झाली: युद्ध नसतानाही आपण काहीतरी करत राहायला हवं. त्या सहलीतून ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ निघाली. सीडर रॅपिड्सच्या दक्षिणेला कलोना भागात मेनोनाइट आणि आमिश शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. जळालेलं कोठार सगळ्या वस्तीनं मिळून दिवसाभरात उभं करायचं, ही त्यांची रीत. डिझास्टर सर्व्हिसनं ती रीत परक्याच्या दारी नेली.

त्यांची पद्धत साधी आहे. रविवारी संध्याकाळी नवी तुकडी येते, शनिवारी जाते. निवृत्त सुतार, शेतकरी, कॉलेजची मुलं. सकाळी छोटी प्रार्थना, मग छप्पर. घर पूर्ण झालं की मालकाच्या हाती बहुधा एक हातानं शिवलेली गोधडी. आपत्तीनंतर इतरांची गर्दी ओसरली की यांची सुरुवात होते आणि एकेका ठिकाणी ते वर्ष-दोन वर्षं राहतात.

यांचा आपल्याशी एक जुना धागा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतून मक्यानं भरलेलं एक जहाज कोलकत्याला आलं. मदतीची व्यवस्था पाहायला आलेल्यांत इंडियानाचे मेनोनाइट धर्मोपदेशक जॉर्ज लॅम्बर्ट होते. त्यांनी परत जाऊन जे लिहिलं-सांगितलं त्यातून १८९९ मध्ये मेनोनाइट मिशनरी मध्य प्रांतातल्या धमतरीला आले. धमतरी आज छत्तीसगडात आहे आणि तिथलं त्यांचं रुग्णालय अजून चालतं. तोच दुष्काळ, तोच मध्य प्रांत आणि तिथल्या निराधार मुलींना पुण्या-केडगावाला आणणाऱ्या पंडिता रमाबाई. रमाबाईंवर तेव्हा पुण्यात जी टीका झाली, तीच शंका आजच्या मराठी वाचकाच्या मनात हा लेख वाचताना आली असेल. भाकरीसोबत धर्म येतो का?

येतो, कधीकधी उघडपणे. सॅमॅरिटन्स पर्ससारख्या इव्हँजेलिकल संस्था नारिंगी टी-शर्ट घालून झाडं तोडतात, छपरावर ताडपत्री ठोकतात आणि जाताना सगळ्या स्वयंसेवकांच्या सह्या असलेलं बायबल घरमालकाला देतात. सोबत प्रार्थनेला बसणारे धर्मोपदेशकही असतात. काम ते चोख करतात, पैसा घेत नाहीत, तुमचा धर्म विचारून मदत नाकारत नाहीत. तरी ज्याचं घर आत्ताच मोडलंय त्या माणसाला ‘नको’ म्हणणं किती जड जात असेल, हा प्रश्न उरतो आणि तो मला त्रास देतो. ज्याच्या हातात ताडपत्री आहे त्यानं दुसऱ्या हातात पुस्तक धरू नये, असं माझं मत आहे. अनेक ख्रिस्ती संस्थांचंही तेच मत आहे. धर्मप्रसाराची अट मदतीला जोडायची नाही, असं त्यांच्यातल्या बहुतेक मोठ्या संस्थांनी लेखी ठरवलेलं आहे.

सीडर रॅपिड्सची स्वतःची संस्था या बाबतीत वेगळी. तिचं नावच ‘मॅथ्यू २५’. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ज्या अध्यायात उपाशी, तहानलेल्या, परक्या, उघड्या माणसाला जे केलंत ते मलाच केलंत अशा अर्थाचा न्यायनिवाडा आहे, तो हा अध्याय. दोन भावांनी, दोघेही मेथडिस्ट धर्मसेवक, २००६ मध्ये ती सुरू केली. दोन वर्षांत पूर आला आणि संस्थेला तिचं काम सापडलं: नदीकाठच्या पंचवीस-एक चौकांतली घरं पुन्हा राहण्याजोगी करणं. नंतर तिनं शहरातच भाजीची शेती केली, ज्याला परवडेल त्यानं जास्त द्यावं आणि नसेल त्यानं तसंच जेवावं असं उपाहारगृह काढलं. डेरेचोनंतर शहर, जिल्हा आणि देणगीदारांच्या पैशांतून कमी उत्पन्नाच्या घरमालकांची छपरं-भिंती दुरुस्त करण्याची योजना तिनं हातात घेतली. प्रवचन नाही. यादी, सुतार, पाहणी, पुढचं घर.

वादळानंतर चौथ्या आठवड्यात कॅमेरे जातात. आठव्यात स्वयंपाकघरं. आणि बाराव्या आठवड्यात छपरावरच्या निळ्या ताडपत्रीची कड फडफडायला लागते, कारण ती तीस-चाळीस दिवसांसाठीच बनवलेली असते. समोर आयोवाचा हिवाळा, उणे वीस अंश. खरी निवड इथे होते.

पुरासारखं नाही, वाऱ्यानं झालेलं नुकसान अमेरिकेत साध्या गृहविम्यात बसतं. म्हणून वरवर पाहिलं तर डेरेचोग्रस्तांची सोय लागलेली होती. पण घराचं कर्ज फिटल्यावर अनेक म्हातारी माणसं विमा सोडून देतात, कारण बँकेची सक्ती संपते. ज्यांचा विमा असतो त्यांना आधी स्वतःच्या खिशातून हजार-दोन हजार डॉलर भरावे लागतात. विमा कंपनी छपराचं वय काढते आणि छपरावरच्या जुन्या आच्छादनाची, शिंगल्सची, घसरलेली किंमत देते. नवे बसवायचे पैसे नाहीत. केंद्राच्या आपत्ती खात्याची मदत विम्याचा निकाल लागल्यावर, आणि तीही घर फक्त राहण्याजोगं होईल इतकीच. भाडेकरूचं तर घरच त्याचं नाही. शिवाय सगळ्या राज्याचे छपरं घालणारे कंत्राटदार सहा महिने आगाऊ बुक, आणि दारोदार फिरणारे ठगही त्यांत मिसळलेले.

या भेगांत पडलेल्यांसाठी अमेरिकेत एक टेबल असतं. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर स्थानिक संस्थांची दीर्घकालीन पुनर्वसन समिती बनते आणि ठरल्या वारी बसते. फाइलवाला कार्यकर्ता नाव न सांगता एक कुटुंब मांडतो: विधवा, वय इतकं, विमा नाही, सरकारकडून इतके आले, छपराला इतके लागतात, मध्ये इतकी तूट. मग एकजण शिंगल्सचे पैसे देतो, दुसरा लाकूड, तिसरा मजूर. फाइल बंद, पुढची. लुथरन, कॅथलिक, मेथडिस्ट, शेजारी ‘युनायटेड वे’ या संस्थेचा प्रतिनिधी. धर्मसेवा म्हणून हे दृश्य कुणी रंगवणार नाही. कॉफी आणि वह्या. मला मात्र अख्ख्या प्रकरणात हे टेबल सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि एक हिशेब, जो मला फार उशिरा समजला. संकट जाहीर झालं की ढिगारे उचलण्यासारख्या सार्वजनिक खर्चाचा किमान ७५ टक्के भार केंद्र उचलतं. बाकीचा वाटा राज्य आणि गावाचा. नियम असा, की स्वयंसेवकांनी दिलेले तास ठरलेल्या दरानं मोजून त्या स्थानिक वाट्यात धरता येतात. म्हणून चर्चच्या पटांगणात फांद्या ओढायला आलेल्याच्या हातात हातमोज्यांसोबत आधी नोंदवही येते: नाव, आले किती वाजता, गेले किती वाजता, काय केलं. घामाची पावती फाडली की गावाच्या तिजोरीतले डॉलर वाचतात. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, या शिकवणीत वाढलेल्या माणसांना वेळेची सही करायला लावणं सोपं नसणार.

एवढी व्यवस्था असूनही काही माणसं सुटलीच, आणि ती कोण होती हे सांगितल्याशिवाय हा वृत्तान्त लबाडीचा होईल. शहराच्या नैऋत्येला स्वस्त भाड्याच्या इमारती आहेत. तिथे काँगो आणि बुरुंडीतून आलेले निर्वासित आणि मायक्रोनेशियाच्या बेटांवरून आलेली कुटुंबं राहत. त्यांच्यातले बरेच जण मांसप्रक्रिया कारखान्यांसारख्या ठिकाणी राबणारे. छपरं उडाली, भिंती फाटल्या, आणि ही कुटुंबं लहान मुलांसह इमारतीसमोरच्या गवतावर तंबू टाकून कित्येक रात्री राहिली. निवारा केंद्र कुठे आहे याची सूचना फोनवर येत होती, फोन बंद होते. सूचना इंग्रजीत होती, घरात किरुंडी आणि स्वाहिली. मागच्या देशात ज्यांनी छावणी भोगली होती, त्यांना पुन्हा मोठ्या हॉलमध्ये खाटांवर जाऊन झोपायची भीती वाटणंही स्वाभाविक. सभासदांची यादी जितकी उपयोगी तितकीच ती आंधळी असते; तीत नसलेला माणूस तिला दिसत नाही. डब्लिनच्या कॅथरीन मॅकॉले यांनी १८३१ मध्ये स्थापलेल्या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संघाच्या धर्मभगिनींनी १९८९ मध्ये सीडर रॅपिड्समध्ये मॅकॉले यांच्याच नावानं केंद्र काढलं होतं. नवागतांना इंग्रजी शिकवणारं, निर्वासितांना वसवणारं. या कुटुंबांची भाषा, नावं, मुलांच्या शाळा ठाऊक असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक. वादळात त्या केंद्राच्या स्वतःच्या इमारतीलाही फटका बसला. तंबूंपर्यंत आधी पोचले ते अशा केंद्रांचे दुभाषे आणि त्या समाजांतले स्वतःचे पुढारी, मागाहून बाकीचे.

कोकणात यादी चर्चची नसते. वाडीची गावकी आणि मुंबईचं ग्रामस्थ मंडळ असतं. ‘निसर्ग’नंतर पत्रे, कौलं आणि ताडपत्र्या यांचा तुटवडा पडला, तेव्हा लॉकडाऊनमध्ये ट्रक भरून पाठवणारी मंडळं तीच होती, सोबत मशिदींच्या जमाती, ट्रस्ट, राजकीय पक्ष. पंचनामे झाले. बागायतीची मदत हेक्टरी ५० हजारांवर नेली. पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, म्हणून पुढे झाडामागे दर ठरला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. सुपारीचं रोप लावल्यापासून हाती फळ यायला सात-आठ वर्षं लागतात. मधल्या वर्षांसाठी फाइल उघडी ठेवणारं टेबल आपल्या शासननिर्णयांत नाही, आणि मंडळांच्या वर्गणीतही नाही.

सीडर रॅपिड्सनं मात्र पडलेल्या झाडांच्या जागी नवी लावण्यासाठी दहा वर्षांची योजना आखली आहे. कुठल्या रस्त्यावर कोणत्या जातीची झाडं, एकाच जातीची रांग पुन्हा लावायची नाही, खासगी अंगणात रोप कोण देणार, पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार, इथपर्यंत तपशील त्यात आहेत. पाणी घालणाऱ्यांच्या यादीसाठी पुन्हा शाळा, चर्च आणि गल्लीतल्या मंडळांचेच दरवाजे वाजवले जातायत. वही तीच आहे: नाव, आले किती वाजता, गेले किती वाजता.